आधी विचारायचं, मग सुई टोचायची

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक आहे. आमच्या कामाचा एक दिवस इथे तासांच्या क्रमाने मांडते आहे. यात येणारी माणसं कुणा एका व्यक्तीची चित्रं नाहीत. अनेकांचे अनुभव एकत्र करून, ओळखीच्या खुणा पुसून ती लिहिली आहेत. गुप्तता हा या कामाचा पहिला नियम आहे आणि तो लिहितानाही पाळावा लागतो.

सकाळी ८.३०

ओपीडी सुरू होण्याआधी मी खोली लावून घेते. येणाऱ्याची खुर्ची दाराजवळ, माझी आतल्या बाजूला. उठून जावंसं वाटलं तर त्यांना मला ओलांडून जावं लागू नये. दार लोटायचं, पण कडी घालायची नाही. लोटण्याआधीही विचारायचं, "दार लावलं तर चालेल ना?" ज्या बाईला कधीकाळी खोलीत कोंडून मारलं आहे, ज्या मुलावर बंद दाराआड जबरदस्ती झाली आहे, त्यांचं शरीर ते दार विसरत नाही. छाती धडधडते, घाम फुटतो, आणि का ते त्यांनाही सांगता येत नाही. "नंतर येते" म्हणून ती उठतात आणि परत येत नाहीत. रजिस्टरमध्ये मात्र शेरा पडतो: सहकार्य करत नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांच्या जखमा विषाणूच्या आधीच्या असतात. नवऱ्याचा मार, लहानपणी झालेला अत्याचार, विकलं जाणं, तृतीयपंथी म्हणून घरातून हाकललं जाणं. त्यावर निदानाचा घाव बसतो. आणि तिसरी जखम आरोग्यसेवा करते. केसपेपरवर लाल शाईने लिहिणं, वॉर्डात मोठ्याने सांगणं, ऑपरेशनच्या यादीत मुद्दाम शेवटचा नंबर देणं, न विचारता रक्त तपासणं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करणं, परवानगीशिवाय निदान उघड करणं आणि उपचार नाकारणं त्याने बेकायदा ठरवलं. कायदा दारापर्यंत आला आहे. तो खोलीत आणण्याचं काम आमचं.

मानसिक आघाताचं भान ठेवून सेवा देण्याची एक चौकट अमेरिकेतल्या साम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये मांडली. आघात सर्रास घडलेले असतात हे माहीत असणं, त्यांच्या खुणा ओळखणं, त्यानुसार आपली पद्धत बदलणं आणि आपल्या हातून नवा आघात होऊ न देणं, असे तिचे चार भाग आहेत. रोजच्या कामात मी ती तीन गोष्टींत बसवते. आधी सांगायचं. मग विचारायचं. नाही म्हटलं तर थांबायचं.

सकाळी ९.३०

पहिले येतात ते पन्नाशीतले एक गृहस्थ. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरून, दुसऱ्या तालुक्यातून आलेले. त्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयातही तपासणी मोफत होते, पण तिथला कर्मचारी भावकीतला आहे. एका खासगी दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त घेतलं होतं. कशासाठी, ते सांगितलं नाही. निकाल कळला तो त्यांच्या भावाला, जिन्यात उभं राहून. ऑपरेशन झालं नाही. भावाने दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट वेगळं केलं.

मी त्यांना टोकन नंबरने बोलावते, नावाने नाही. तपासणी कशी होते ते आधी सांगते. दंडातून थोडं रक्त घेऊ. पहिल्या किटवर संसर्गाची खूण दिसली तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट वापरू, मगच निकाल पक्का मानू. निकाल आजच मिळेल. तो फक्त तुम्हाला सांगू. मी संमतीचा कागद पुढे करते तेव्हा ते विचारतात, "सही कशाला? मागच्या वेळी कुणी घेतली नव्हती."

"मागच्या वेळीही घ्यायला हवी होती, काका."

आमचे तंत्रज्ञ दादा त्यांना विचारतात, "कुठला हात देता? इकडे बघायचंय की तिकडे?" या प्रश्नाला दोन सेकंद लागतात. ज्यांच्या शरीराबाबतचे निर्णय आजवर दुसऱ्यांनीच घेतले, त्यांना आपल्या हाताबद्दल काही ठरवायला मिळतं. सुई त्यानंतर.

सकाळी ११.००

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा निकालाला आला आहे. मराठवाड्यातलं गाव, घरी शेती, कॉटबेसिसवर राहणं. मी विचारते, "निकाल आत्ता ऐकायचाय ना? की पाच मिनिटं बसू या?" तो मान हलवतो. मी आडवळण घेत नाही, उपदेशाची प्रस्तावनाही करत नाही. "तुमच्या रक्तात एचआयव्हीचा संसर्ग आढळला आहे." आणि गप्प राहते.

ही शांतता भरून टाकायची घाई नवख्या समुपदेशकाला हमखास होते. सीडी-फोर, व्हायरल लोड, पथ्य, कंडोम, सगळं एका दमात सांगून तो मोकळा होतो. पण धक्का बसलेल्या माणसाच्या कानावर शब्द पडतात, मनात उतरत नाहीत. बाहेर पडल्यावर त्याला फक्त भिंतीचा रंग आठवतो. म्हणून पहिल्या दिवशी मी तीनच गोष्टी सांगते. यावर उपचार आहे आणि तो मोफत आहे. रोज एक गोळी नियमित घेतली तर आयुष्य इतरांइतकंच लांब असू शकतं. आणि हे कुणाला सांगायचं, केव्हा सांगायचं, ते तुम्ही ठरवायचं. बाकीचं पुढच्या भेटीत.

त्याचा श्वास भरभर चालू लागतो. मी पाणी पुढे करते. "पाय जमिनीवर टेकवा. खोलीतल्या कुठल्याही पाच वस्तू मला सांगा." पंखा, कॅलेंडर, बाटली, स्टूल, माझा चष्मा. श्वास हळूहळू खाली येतो. मग मी सरळ विचारते, "जीव द्यावासा वाटतोय का?" असं विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. विचारल्याने बोलण्याची वाट उघडते. तो म्हणतो, "आत्ता नाही. रात्रीचं सांगता येत नाही." मग आम्ही रात्रीचा बेत ठरवतो. खोलीवर एकटं राहायचं नाही, कुणा मित्राकडे जायचं ते ठरवायचं. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. उद्या सकाळी मी फोन करू का? कुठल्या वेळी केला तर चालेल? फोनवर आपली ओळख काय सांगू?

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे: संसर्ग कसा झाला असावा. साथीचा अंदाज बांधायला ही माहिती लागते, त्यामुळे तो रकाना चुकीचा नाही. पण विचारण्याची वेळ आणि रीत चुकली तर तो आरोप होतो. 'कसं झालं?' हा प्रश्न या मुलाने आयुष्यभर टाळला आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा मानणं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी थांबवलं. खोलीमालकाची आणि गावाची नजर मात्र निकालाच्या दिवशी बदलली नाही. मी हा प्रश्न शेवटी ठेवते. का विचारते ते सांगते आणि "आज नको असेल तर राहू द्या" असंही म्हणते. तो राहू देतो. जाताना एकच विचारतो, "गावच्या पत्त्यावर काही येईल का?"

नाही येणार. लेखी हवं असेल तर लिहून देते.

दुपारी १२.३०

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्राच्या खिडकीवर महिन्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची रांग असते. देशात सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्याआधी औषधापायी घरं गहाण पडली. २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असला तरी निदान होताच उपचार सुरू करता येतात. आज बहुतेकांना तीन औषधांची मिळून एकच गोळी असते: टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर. औषध इतकं सोपं झालं तरी गोळ्या चुकतात. त्याचं कारण बहुधा औषधात नसतं, घरात असतं.

आज नर्सताईंनी एका काकूंना माझ्याकडे पाठवलं आहे. बाटलीत गोळ्या उरल्या आहेत. 'का चुकवल्या?' असं विचारलं की उत्तर खोटं येतं, कारण प्रश्नातच शिक्षा असते. मी विचारते, "गोळी घेणं दिवसात केव्हा अवघड जातं?"

काकू बराच वेळ पदराचं टोक चुरगाळतात. मग सांगतात. रात्री नवरा पिऊन येतो. बाटलीचा खडखडाट ऐकला की म्हणतो, "तुझ्यामुळं घर नासलं," आणि हात उगारतो. रोग त्याच्याकडून आला हे दोघांनाही ठाऊक आहे. पण गरोदरपणात तपासणी आधी तिची झाली, म्हणून घराने ठरवलं की रोग तिने आणला.

ही गोष्ट पुण्याला नवी नाही. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो १९९७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नवऱ्याशिवाय कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांनाही मोठ्या प्रमाणात संसर्ग होत असल्याचं त्यातून पुढे आलं. त्यांच्यासाठी मुख्य धोका होता नवऱ्याचं वागणं. त्या काळी प्रतिबंधाचा सगळा सल्ला 'एकनिष्ठ राहा' असा होता, आणि या बाया एकनिष्ठच होत्या.

आम्ही दोघी मिळून तोडगा काढतो. गोळी रात्रीऐवजी सकाळी, धुणीभांड्याच्या पहिल्या घरी पोचल्यावर. बाटलीत कापूस भरायचा म्हणजे आवाज होणार नाही. नवऱ्याला बोलावून समज देऊ का, असं मी विचारते. त्या घाईने नको म्हणतात. मी थांबते. तिच्या घरात काय केलं तर मार वाढेल, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची आणि १८१ या महिला हेल्पलाइनची माहिती मात्र देते. कागद नको, तो घरी सापडेल. नंबर तोंडपाठ करून घेते.

काकूंची गर्भाशयमुखाची तपासणी राहिली आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, म्हणून तपासणी टाळून चालत नाही. पुण्यात 'प्रयास' संस्थेच्या आरोग्य गटाने या विषयावर बरंच काम केलं आहे. पण जिच्या अंगावर जबरदस्ती झाली आहे तिला टेबलावर झोपून पाय वर घेणं म्हणजे काय, ते ओळखायला हवं. आमच्या डॉक्टर मॅडम तिला कपड्यांसह बसवूनच आधी उपकरण हातात देतात, बघू देतात. अंगावर चादर असते. प्रत्येक पायरी करण्याआधी सांगतात. आणि एक करार असतो: काकूंनी हात वर केला की मॅडम थांबणार, कारण विचारणार नाहीत. मी उशाशी उभी असते. काकू एकदा हात वर करतात. मॅडम थांबतात. मग काकूच म्हणतात, "करा आता."

दुपारी २.१५

दुपारी बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत. धंदा संध्याकाळी सुरू होतो, बाया उशिरा उठतात. त्यामुळे दुपार हीच त्यांची सवडीची वेळ, आणि भेट त्यांच्या वेळेनेच ठरते.

या गल्ल्यांनी आरोग्यसेवेची अनेक रूपं पाहिली आहेत. नव्वदच्या दशकात पुण्यात झालेल्या अभ्यासांत वेश्याव्यवसायातल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना संसर्ग आढळला होता. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली सुरू झाली ती याच काळात. तेव्हा या बायांकडे रोगाचं मूळ म्हणून बघितलं गेलं. पोलिसांच्या धाडी पडायच्या, पकडून नेल्यावर रक्त घेतलं जायचं. आजही पांढरा कोट आणि खाकी वर्दी एकत्र दिसली की दारं बंद होतात. चित्र पालटलं ते बायाच संघटित झाल्यामुळे. 'सहेली संघ' नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथे काम करतो आहे. सांगलीत मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेमधून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. आपल्यावरच्या कामात आपलं मत असलंच पाहिजे, हा आग्रह या संघटनांनी धरला. आघाताचं भान म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यातला मोठा भाग या बायांनी आधीच सांगून ठेवला होता.

मी जिना चढते ते आमच्या पिअर ताईंच्या मागून. त्या स्वतः या धंद्यात होत्या, स्वतः गोळ्या घेतात. त्या पुढे जातात, मी पायरीवर थांबते. आत बोलावलं तरच जायचं. एक नवी मुलगी आली आहे, कानडी बोलते. तिची बोटाच्या थेंबावरची तपासणी करायची आहे. पिअर ताई कानडीतून सांगतात. मुलगी नाही म्हणते. घरवाली मध्ये पडते, "घ्या हो रक्त, मी सांगते ना." पिअर ताई शांतपणे म्हणतात, "तुम्ही सांगून नाही चालत, अक्का. तिनं सांगायला पाहिजे." आम्ही कंडोम ठेवतो, ताई आपला नंबर देतात आणि आम्ही निघतो. मुलीचं वय अठराच्या आत असल्याची शंका आली असती, तर हा प्रसंग वेगळ्या वाटेने गेला असता. तिथे मुलीचं संरक्षण आधी. पण ही सज्ञान आहे, आणि तिचं 'नाही' कुणीतरी मानलं, हे तिच्या लक्षात राहील. अशा मुली पुढच्या फेरीला पुष्कळदा स्वतःहून हात पुढे करतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सांगितलं की या व्यवसायातल्या स्त्रीलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुणाही पीडितेइतकेच वैद्यकीय उपचार तिला मिळाले पाहिजेत. पिअर ताईंनी हा आदेश मोबाइलमध्ये ठेवला आहे आणि लागेल तिथे दाखवतात.

दुपारी ४.३०

शाळा सुटल्यावर एक आजी नातीला घेऊन येतात. मुलगी बारा वर्षांची, जन्मापासून संसर्ग. आई-वडील गेले. आजवर तिला सांगितलं आहे की या रक्त वाढायच्या गोळ्या आहेत. आता ती विचारते, "माझं रक्त अजून वाढलं नाही का?"

शाळकरी वयातल्या मुलांना त्यांच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने खरं सांगावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजींना भीती वाटते ती मुलीच्या पुढच्या प्रश्नाची: आई कशाने गेली? आधी आजींशी वेगळं बसावं लागतं. लेक-सुनेला या आजारात जाताना त्यांनी पाहिलं आहे. त्या दुःखाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. पुण्यात विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली 'मानव्य' ही संस्था सुरू केली ती अशाच मुलांसाठी, ज्यांना नातेवाईकही घरात घ्यायला धजत नव्हते. या आजींनी नातीला उराशी धरलं, ही केवढी गोष्ट आहे ते मी त्यांना सांगते.

मुलीशी आज एवढंच बोलते: तुझ्या शरीरात एक विषाणू आहे, गोळीने तो झोपून राहतो. तू काही चूक केली म्हणून तो आलेला नाही. ती विचारते, "गोळी सोडली तर उठेल?" हो. "मग नाही सोडत." नाव पुढच्या भेटीत सांगू, असं आम्ही तिघी मिळून ठरवतो. खोटं बोलायचं नाही, आणि पेलवेल त्याहून जास्त एका वेळी सांगायचं नाही.

संध्याकाळी ५.४५

आता फोन. तारीख उलटूनही जे आले नाहीत त्यांची यादी समोर असते. 'तुम्ही आला नाहीत' अशी सुरुवात करायची नाही. "तब्येत कशी आहे? यायला काही अडचण आली का?" फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचं नाव काढायचं नाही. एका भाऊंना हडपसरहून सुट्टी मिळत नाही. त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का, ते डॉक्टरांना विचारायचं.

एक फोन येतो. मैत्रिणीवर काल रात्री अत्याचार झाला. "पोलिसांत न जाता औषध मिळेल का?" उपचार सुरू करायला आधी तक्रार लागत नाही. संसर्ग रोखणारं औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे २८ दिवस घ्यायचं. मी तिला सांगते की आत्ताच या, मी थांबते. दारावरच्या सुरक्षारक्षक मामांना कळवून ठेवते: दोन मुली येतील, 'काय झालं' विचारू नका, सरळ आत पाठवा. आमच्या प्रशिक्षणात मामाही बसतात, आयाबाईही. रुग्णाशी पहिलं बोलणं होतं ते त्यांचंच. अत्याचार झालेल्या स्त्रीची दोन बोटांची चाचणी करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा बजावलं आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरांना ते ठाऊक आहे याची मी खात्री करते.

रात्री ७.३०

मुली येऊन, औषधाचा पहिला डोस घेऊन गेल्या आहेत. आम्ही सगळे दहा मिनिटं बसतो. दिवसभर ऐकलेलं दुःख ऐकणाऱ्याच्याही अंगात मुरतं. ते बोललं गेलं नाही तर पुढच्या महिन्यात आपणच रुग्णावर खेकसायला लागतो. समुपदेशकांचे करार अल्प मुदतीचे, पगार तुटपुंजे, आणि त्यांचं ऐकून घेणारं अधिकृतपणे कुणी नाही. आघाताचं भान हवं असेल तर ते कर्मचाऱ्यांपर्यंतही पोचलं पाहिजे, ही माझी शासनाकडे मागणी आहे.

एवढं सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. गोळी नियमित घेतल्याने विषाणू रक्ततपासणीत सापडेनासा झाला, की त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही. हे विज्ञानाने पक्कं केलं आहे. म्हणजे या साथीचा शेवट माणसं दर महिन्याला परत येण्यावर अवलंबून आहे, आणि जिथे अपमान झाला तिथे माणूस परत येत नाही. मान देऊन वागणं हा उपचाराचाच भाग आहे.

वाचकांना दोन विनंत्या. शंका असेल तर तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत आणि गुप्त असते, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. आणि तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या कुणी विश्वासाने सांगितलं की मला एचआयव्ही आहे, तर 'कसं झालं?' असं विचारू नका. "जेवलास का, गोळ्या मिळताहेत ना, मी सोबत येऊ का," एवढं विचारा.